उन्हाळ्यांत पोहण्याच्या हौदाचें पाणी निर्मळ कसें राखावें

पुणें-मुंबई द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला, तेव्हांपासून लोणावळें, कार्लें व पवना धरणाचा परिसर ह्या बाजूस सुटीच्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांची वर्दळ पुष्कळ वाढली आहे. भातशेतीच्या जोडीस चार खोल्या बांधून त्या पाहुण्यांस देणें हा मावळांतील अनेक जमीनधारकांचा जोडधंदा झाला असून, महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण ठरविल्यावर त्यास रीतसर मान्यताहि मिळाली. अशा घरामागें पोहण्याचा एक लहानसा हौद असणें आतां नवलाचें राहिलें नाहीं.

हौद बांधणारा कंत्राटदार आपलें काम संपवून निघून जातो. पाणी राखण्याचें काम मात्र मालकाच्या गळ्यांत पडतें. फाल्गुन संपतां संपतां पाणी हिरवट होऊं लागतें, तळ दिसेनासा होतो, आणि मग सर्वांस सुचणारा उपाय एकच : सगळें पाणी सोडून द्यावयाचें व विहिरीवरचा पंप लावून हौद पुन्हा भरावयाचा. हा उपाय खर्चाचा तर आहेच, पण मावळासारख्या मुलखांत तो शेजारधर्मासहि सोडून आहे. लोणावळ्यास वर्षाकाठीं दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो चार महिन्यांत पडून डोंगरउतारावरून वाहून जातो, आणि सह्याद्रीच्या कातळांत तो भेगांपुरताच मुरतो. म्हणून त्याच मुलखांतील कित्येक वाड्यांवर चैत्र-वैशाखांत विहिरींचा तळ उघडा पडतो. अशा दिवसांत एका हौदाचें पाणी ओढ्यांत सोडणें म्हणजे काय, ह्याचा प्रत्येकानें विचार करावा.

प्रस्तुत लेखाचें सांगणें इतकेंच कीं, हौदाचें पाणी बदलावयाचें नसतें, राखावयाचें असतें. तें कसें, व तसें कां, हें पुढें क्रमानें दिलें आहे.

पाणी कां बिघडतें

आपल्या मळ्यांतील विहिरीजवळच्या हौदांत पूर्वींपासून मुलें डुंबत आलीं, आणि तरी त्याचें पाणी फारसें नासत नसे. ह्याचें कारण, तें पाणी तेथें राहत नसे. मोटेनें वा पंपानें आलेलें पाणी त्याच दिवशीं पाटानें पिकास जाई. पोहण्याच्या हौदांतील पाणी मात्र महिनोन् महिने तेंच असतें, आणि त्यांत रोज घाम, तेल, धूळ व पाला ह्यांची भर पडते. त्यावर दिवसभर ऊन्ह पडतें. शेवाळास वाढण्यास ऊन्ह, ऊब व खत हीं तीन लागतात, आणि उन्हाळ्यांतील उघड्या हौदांत तीं तिन्ही आयतींच मिळतात.

ह्याच्या उलट उदाहरणहि आपल्याच मावळांत आहे. कार्लें, भाजें व बेडसें येथील लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या आहेत. भाजें येथील एका पोढीवर ती महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचें दान असल्याचा लेखहि कोरलेला आहे. ज्या पोढ्या कातळाच्या पोटांत, सावलींत खोदलेल्या असतात, त्यांतील पाणी भर उन्हाळ्यांतहि थंड राहतें व लवकर हिरवें होत नाहीं; कारण तेथें ऊन्ह पोहोंचत नाहीं. पोहण्याच्या हौदावर कातळाचें छप्पर घालतां येत नाहीं. म्हणून सावलीचें जें काम, तें आपणांस औषध, गाळणी व झाडलोट ह्या तिहींकडून करवून घ्यावें लागतें. तरीहि पाहुणे नसतील त्या दिवशीं हौदावर जाड ताडपत्री ताणून ठेवल्यास औषध, पाणी व श्रम ह्या तिन्हींची बचत होते.

आणखी एक गोष्ट आरंभींच सांगणें जरूर आहे. स्वच्छ दिसणारें पाणी व निर्जंतुक पाणी हीं एक नव्हेत. तुरटीनें किंवा निवळीच्या बियांनीं पाणी नितळ होतें, पण त्यांतील रोगजंतु मरत नाहींत. उलट, औषध भरपूर असूनहि गढूळ असलेल्या हौदांत बुडणारें मूल वरून दिसत नाहीं. आपणांस दोन्ही गुण हवे आहेत.

हौदाचें माप

औषधाचें सर्व गणित पाण्याच्या मापावर असल्यानें तें एकदां काढून भिंतीवर लिहून ठेवावें. लांबी, रुंदी व सरासरी खोली फुटांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा व त्यास २८.३ नें गुणावें. उत्तर लिटरांत येतें. तळ उतरता असल्यास उथळ व खोल बाजूंच्या खोलीची सरासरी धरावी. उदाहरणार्थ, २० फूट लांब, १० फूट रुंद व सरासरी ४ फूट खोल हौदांत ८०० घनफूट, म्हणजे सुमारें २२,६०० लिटर पाणी मावतें. पुढील सर्व प्रमाणें ह्याच हौदाचीं दिलीं आहेत. आपल्या हौदाप्रमाणें तीं कमीअधिक करून घ्यावीं.

ह्या हौदाच्या पृष्ठभागावरून उन्हाळ्यांत रोज सहा-आठ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातें असें धरिलें, तर तें ११० ते १५० लिटर होतें. म्हणजे हौद एकदां रिकामा करण्यांत जें पाणी जातें, तें पांच महिन्यांच्या वाफेइतकें आहे. पाणी ह्याहून फार अधिक उतरत असेल, तर हौद गळत आहे असें समजावें. त्याची परीक्षा सोपी आहे : बादली पाण्यानें भरून हौदाच्या पायरीवर पाण्यांत ठेवावी व आंतील आणि बाहेरील पातळीवर खूण करावी. दुसऱ्या दिवशीं बादलीपेक्षां हौदाचें पाणी अधिक उतरलेलें दिसल्यास गळती आहे हें निश्चित.

क्लोरिन

पाण्यांतील जंतु मारण्यास क्लोरिनचा उपयोग सव्वाशें वर्षांहून जुना आहे. इंग्लंडांतील मेडस्टन शहरीं १८९७ सालीं विषमज्वराची साथ आली असतां ब्लीचिंग पावडरनें पाण्याचे नळ निर्जंतुक करण्यांत आले, आणि १९०८ सालीं अमेरिकेंतील जर्सी सिटीच्या पाण्यांत क्लोरिन कायमचा घालण्यास आरंभ झाला. आपल्या ग्रामपंचायती विहिरींत जी टीसीएल पावडर टाकतात, तिच्यांतहि हाच क्लोरिन असतो.

पोहण्याच्या हौदांत दर लिटरास १ ते ३ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन सतत असला पाहिजे. पुढें सांगितलेलें सायन्युरिक ॲसिड पाण्यांत असल्यास तो २ च्या खालीं जाऊं देऊं नये, व ४ पर्यंत चालतो. २२,६०० लिटर पाण्यांत दर लिटरास १ मिलिग्रॅम क्लोरिन वाढविण्यास पुढीलप्रमाणें औषध लागतें :

ताजी टीसीएल पावडर (सुमारें ३३ टक्के) — ७० ग्रॅम.
कॅल्शियम हायपोक्लोराइट (६५ टक्के) — ३५ ग्रॅम.
पातळ सोडियम हायपोक्लोराइट (१० टक्के) — २२५ मिलिलिटर.
ट्रायक्लोर, म्हणजे टीसीसीए (९० टक्के) — २५ ग्रॅम.

टीसीएल पावडरींत चुना असतो. ती तशीच हौदांत टाकल्यास पाणी पांढुरकें होतें व भिंतीवर थर बसतो. म्हणून ती प्लास्टिकच्या बादलींत पाण्यांत कालवून, चुना खालीं बसूं द्यावा व वरची निवळ तेवढी हौदांत ओतावी. पोतें जुनें किंवा दमट झालेलें असल्यास पावडरीचा जोर निघून गेलेला असतो. मग माप बरोबर असूनहि गुण येत नाहीं.

क्लोरिन किती उरला आहे हें डोळ्यांनीं किंवा वासानें कळत नाहीं. किंबहुना, उग्र वास येऊन डोळे चुरचुरूं लागले तर लोक क्लोरिन अधिक झाला असें समजतात, परंतु बहुधा खरें कारण उलट असतें. घाम व मूत्र ह्यांच्याशीं संयोग पावलेल्या क्लोरिनचा तो वास होय. म्हणजे मळ अधिक व मोकळा क्लोरिन कमी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घेतो, तींत हे दोन्ही क्लोरिन एकत्रच मोजले जातात. म्हणून हौदासाठीं मोकळा क्लोरिन वेगळा दाखविणारा, गुलाबी रंगाचा डीपीडी संच घ्यावा.

ऊन्ह आणि औषध

उन्हाळ्यांत औषध टाकूनहि पाणी हिरवें कां होतें, ह्याचें मुख्य कारण ऊन्ह हें आहे. भर दुपारच्या उन्हांत उघड्या पाण्यांतील बहुतेक क्लोरिन दोन-तीन तासांत नाहींसा होतो. सकाळीं टाकलेलें औषध अशा रीतीनें दुपारींच संपतें. म्हणून पहिला नियम हा कीं, औषध सूर्यास्तानंतर टाकावें. म्हणजे रात्रभर तें जंतूंवर काम करितें.

दुसरा उपाय सायन्युरिक ॲसिड हा आहे. तें क्लोरिनला उन्हापासून वांचवितें. दर लिटरास ३० ते ५० मिलिग्रॅम इतकें तें पुरें. आपल्या हौदास ३० मिलिग्रॅमसाठीं सुमारें ६८० ग्रॅम लागतें. परंतु येथेंच एक खोड आहे. ट्रायक्लोरच्या गोळ्यांत क्लोरिनबरोबर सायन्युरिक ॲसिडहि असतें. क्लोरिन खर्च होतो. हें आम्ल मात्र पाण्यांतच सांचत राहतें. ट्रायक्लोरनें रोज अडीच मिलिग्रॅम क्लोरिन दिला, तर त्याबरोबर दीड मिलिग्रॅम सायन्युरिक ॲसिड येतें. म्हणजे वीस दिवसांत ३० व दोन महिन्यांत ९०. इतकें झाल्यावर क्लोरिन चाचणींत दिसतो, पण जंतु व शेवाळ मारण्याचा त्याचा वेग मंद होतो. मग मालक म्हणतो, "औषध आहे, तरी पाणी हिरवें." त्यावर पाण्याचा कांहीं भाग काढून नवें पाणी घालण्यावांचून व्यवहारांत उपाय उरत नाहीं, आणि नेमका तेव्हां वैशाख चाललेला असतो. ह्यासाठीं हंगामाच्या आरंभीं तीन आठवडे ट्रायक्लोर वापरावें व पुढें टीसीएल किंवा हायपोक्लोराइटवर यावें.

मात्र हीं औषधें एका भांड्यांत कधींहि एकत्र करूं नयेत. ट्रायक्लोर व हायपोक्लोराइट एकत्र आल्यास भडका उडतो. कोणत्याहि क्लोरिनच्या औषधांत आम्ल पडल्यास विषारी वायु सुटतो. औषध नेहमीं पाण्यांत घालावें, औषधावर पाणी ओतूं नये. खत, कीटकनाशक व डिझेल जेथें ठेवितों त्या कोठारांत हीं औषधें ठेवूं नयेत. कोरड्या, हवेशीर जागीं, कुलुपांत व मुलांच्या हाताबाहेर ठेवावीं.

पाण्याची आंबटता

पाणी आंबट आहे कीं खारें, हें पीएच ह्या अंकावरून कळतें. जमिनीची तपासणी करून घेणाऱ्या शेतकऱ्यांस हा अंक परिचित आहे. हौदांत तो ७.२ ते ७.८ ह्यांच्या दरम्यान असावा. ७.५ असतां क्लोरिनचा निम्मा भाग जोरदार स्वरूपांत असतो. ८ झाल्यास जेमतेम पाव भाग उरतो. म्हणजे पीएच वाढूं दिल्यास औषधाचा बराच पैसा पाण्यांत जातो.

उन्हाळ्यांत पीएच चढण्याकडेच कल असतो. सिमेंटचा नवा गिलावा, टीसीएलमधील चुना व बोअरचें जड पाणी हीं सर्व तो चढवितात; शेवाळहि पाण्यांतील कार्बनिक वायु शोषून चढवितें. तो उतरविण्यास हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. आपल्या हौदास एका वेळीं पाव लिटरहून अधिक घालूं नये. हातमोजे व चष्मा घालून, आम्ल बादलीभर पाण्यांत मिसळून, पंप चालू असतां कडेकडेनें ओतावें आणि चार तासांनीं पुन्हा तपासावें. त्या वेळीं हौदांत कोणी नसावें.

गाळणी व झाडलोट

औषध जंतु मारतें, पण कचरा काढीत नाहीं. तें काम वाळूच्या गाळणीचें. पंप असा असावा कीं सहा-आठ तासांत हौदाचें सगळें पाणी एकदां गाळणींतून जावें. आपल्या हौदास तासाला तीन-चार हजार लिटरचा पंप पुरतो. उन्हाळ्यांत तो रोज निदान आठ तास चालवावा. वीज जाण्याच्या वेळा ध्यानांत घेऊन हे तास दोन पाळ्यांत विभागले तरी चालतें.

वाळू धुतल्यानंतर गाळणीवरील दाबाचा आंकडा लिहून ठेवावा. तो ८ ते १० पौंडांनीं चढला म्हणजे वाळूंत मळ भरला असें समजून पाणी उलट फिरवून ती धुवावी. दाब चढला नसतां रोज धुणें म्हणजे पाण्याची नासाडी होय. उलट फार दिवस न धुतल्यास पाणी गाळणींतून जाईनासें होतें.

पाला रोज जाळीनें काढावा. तो तळाशीं कुजला म्हणजे क्लोरिन खातो. भिंती व पायऱ्या आठवड्यांतून दोनदां ब्रशानें घासाव्या, कारण शेवाळ प्रथम कोपऱ्यांत व सांध्यांत धरतें. हौदाच्या कडेस वींतभर उंच कठडा ठेवावा, म्हणजे अवकाळी पावसांत शेतांतील माती व खत वाहून आंत येणार नाहीं. युरिया व स्फुरदाचें खत शेवाळास पिकाइतकेंच मानवतें.

पाणी हिरवें झालें तर

ह्या स्थितींतहि हौद रिकामा करण्याचें कारण नाहीं. प्रथम पाला काढून पीएच ७.२ च्या सुमारास आणावा. नंतर भिंती घासून, सूर्यास्तानंतर दर लिटरास १० ते १५ मिलिग्रॅम क्लोरिन होईल इतकें औषध द्यावें. आपल्या हौदास टीसीएल ७०० ग्रॅम ते १ किलो लागते. पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. रात्रीं निजण्यापूर्वीं व पहाटे क्लोरिन मोजावा. रात्रीं ऊन्ह नसतें; म्हणून १ मिलिग्रॅमहून अधिक क्लोरिन घटला असेल, तर तो शेवाळ व मळ ह्यांनीं खाल्ला, म्हणजे शेवाळ अद्याप जिवंत आहे, असें ठरतें. तसें असल्यास संध्याकाळीं पुन्हा औषध द्यावें. बहुधा तीन-चार दिवसांत पाणी हिरव्याचें राखी होतें. हें मेलेलें शेवाळ होय.

हा राखी गाळ गाळणीनें निघत नसेल, तर हजार लिटरास १५ ते २० ग्रॅम तुरटी विरघळवून घालावी, पाणी नीट ढवळून पंप बंद करावा व रात्रभर निवळूं द्यावें. सकाळीं तळाशीं बसलेला साका नळीनें हलकेच ओढून बाहेर काढावा. गाळणींत घेऊं नये. तुरटीनें पीएच उतरतो, म्हणून मागाहून तो तपासावा. क्लोरिन ४ च्या खालीं येईपर्यंत व तळ स्पष्ट दिसेपर्यंत कोणासहि पाण्यांत उतरूं देऊं नये.

बोर्डो मिश्रणासाठीं आणलेला मोरचूद घरांत असतो, म्हणून तोच मूठभर हौदांत टाकण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यानें शेवाळ मरतें हें खरें. परंतु तो क्लोरिनची जागा घेऊं शकत नाहीं, हौदाच्या भिंतींस डाग पाडतो, फिकट केसांस हिरवी झांक आणतो, आणि तें पाणी ओढ्यांत गेल्यास मासे मरतात. तो टाकूं नये हेंच उत्तम.

पाहुण्यांची जबाबदारी

नासलेल्या पाण्यापासून हगवण, विषमज्वर व कावीळ हे रोग पसरतात. उबदार, क्लोरिन नसलेल्या गोड्या पाण्यांत नेग्लेरिया नांवाचा अमीबा वाढूं शकतो. तो नाकावाटें मेंदूंत शिरल्यास रोगी क्वचितच वांचतो. केरळांत २०२४ व २०२५ सालीं अमीबाजन्य मेंदूज्वराचे रोगी आढळले, हें वर्तमानपत्रांतून अनेकांनीं वाचलें असेल. योग्य प्रमाणांत क्लोरिन राखल्यास हा अमीबा टिकत नाहीं. क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा हगवणीचा जंतु मात्र नेहमींच्या क्लोरिनांत कित्येक दिवस जगतो. म्हणून ज्यास हगवण लागली आहे त्यानें, विशेषतः लहान मुलानें, पाण्यांत उतरूंच नये. सर्वांनीं साबणानें अंगधुणी करून मगच उतरावें. पाहुण्यांस हें सांगण्यास संकोच करूं नये.

कांठावर उभें राहून तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे, ही साधी खूण रोज पाहावी. ती दिसत नसेल त्या दिवशीं हौद बंद ठेवावा, मग पाहुणा कितीहि मोठा असो. हौदाभोंवतीं कुंपण व कुलूप असावें, आणि मुलें पाण्यांत असतां एका जाणत्या माणसानें दुसरें कांहीं काम न करतां तेथेंच उभें राहावें.

पाणी सोडणें व पावसाळा

कांहीं पाणी सोडणें भागच पडल्यास औषध बंद करून तें उन्हांत राहूं द्यावें, व चाचणींत क्लोरिन शून्य दिसल्यावर आंबा, फणस, नारळ अशा मोठ्या झाडांस थोडें थोडें द्यावें. रोपवाटिकेस किंवा भाताच्या तरव्यास देऊं नये. त्यांत क्षार असतात. इंद्रायणी किंवा पवनेस मिळणाऱ्या ओढ्यांत तर मुळींच सोडूं नये.

पावसाळ्यांत हौद रिकामा ठेवण्याची चूक लोणावळ्याकडे विशेष घातक आहे. जमिनींत पाणी चढलें म्हणजे तें खालून रेटा देतें, व रिकामा हौद उचलला जाऊन त्यास भेगा पडतात. शिवाय तळाशीं सांचलेल्या डबक्यांत डांस होतात. म्हणून हौद भरलेलाच ठेवून, वरून पडणारें पाणी निघून जाण्यास वाट असूं द्यावी आणि औषध कमी प्रमाणांत चालू ठेवावें.

सारांश, उन्हाळ्यांत रोज सकाळीं पाला काढणें व तळ पाहणें, संध्याकाळीं क्लोरिन व पीएच मोजणें, आणि सूर्यास्तानंतर मापानें औषध घालणें, इतकें काम आहे. त्यास अर्धा तास पुरतो. गोठ्यांतील जनावराकडे आपण जसें रोज दोन वेळां पाहतों, तसेंच ह्या पाण्याकडे पाहिलें, तर माघांत भरलेलें पाणी मृगापर्यंत निर्मळ राहील, आलेल्या पाहुण्यांचीं मुलें सुखरूप घरीं जातील, आणि आपल्या हौदापायीं वैशाखांत वाडीवरील कोणाचा हंडा रिकामा राहणार नाहीं.